झाकलेल्या कर्माची शुचिता

मनुष्याच्या हातून घडणाऱ्या प्रत्येक कर्माला दोन अंगे असतात. एक अंग लोकांच्या दृष्टीस पडते. दुसरे काम संपताच झाकले जाते. भिंतीचा गिलावा दिसतो, पाया दिसत नाही. अन्नाची चव कळते, धान्य निवडताना घेतलेली काळजी कळत नाही. जे दिसते ते नीट करण्यास स्तुतीची आशा आणि निंदेचे भय ही दोन्ही साहाय्य करतात. परंतु जे झाकलेच जाणार आहे, ते नीट का करावे? या प्रश्नाचे उत्तर ज्याला सापडले, त्याला निष्काम कर्माचे मर्म पुष्कळ अंशी सापडले असे म्हणण्यास हरकत नाही.

हा प्रश्न केवळ देवघरात किंवा ग्रंथाच्या पानांवर उभा राहतो असे नाही. अंगणात, तेलाने माखलेल्या हातांपुढेही तो उभा राहतो. दृष्टांतासाठी एक जुनी जीप घ्यावी. स्वातंत्र्याच्या आगेमागे मुंबईत जीप गाड्यांच्या जुळणीस आरंभ झाला आणि पुढे देशाच्या डोंगराळ भागांत ही गाडी घरच्या बैलजोडीसारखी रुळली. तिचा 'सीजे-३बी' हा उंच बॉनेटचा प्रकार अमेरिकेत १९५३ ते १९६८ या काळात तयार होत होता. भारतात तो त्यानंतरही पुष्कळ वर्षे निघत राहिला. त्यातील चार सिलिंडरांचे, सुमारे २,२०० घनसेंटिमीटरचे पेट्रोल इंजिन रचनेने साधे असल्यामुळे नीट शिकलेला गृहस्थ ते घरच्या घरी उघडू शकतो.

घाटमाथ्यावरील एका गावी एका निवृत्त शिक्षकांपाशी अशी एक जीप होती. गावातून तालुक्याच्या रुग्णालयाकडे उतरणारा रस्ता बारा वळणांचा. रात्री-अपरात्री कोणाला खाली न्यावयाचे झाले की लोक याच दाराशी येत. वर्षानुवर्षे विहिरीचे जड पाणी भरल्यामुळे रेडिएटरच्या नळ्यांत क्षार साचले होते. एका उन्हाळ्यात चढावर इंजिन अतोनात तापले. हेड आणि ब्लॉक यांमधील गॅस्केट जळून गेले, पाणी तेलात उतरले आणि तेल ताकासारखे पांढरट झाले. त्याच स्थितीत गाडी घरापर्यंत आणावी लागली. पाणी मिसळलेल्या तेलाचा पापुद्रा बेअरिंगमध्ये टिकत नाही. धातूवर धातू घासला गेला, आणि इंजिनाच्या पोटातून ठोके ऐकू येऊ लागले.

त्यांचा पुतण्या शहरात गाड्यांच्या खरेदी-विक्रीत होता. तो म्हणाला, "काका, एवढा खर्च आणि एवढी यातायात कशाला? गॅस्केट तेवढे बदलू आणि जाड तेल घालू, म्हणजे आवाज दबेल. आठ-पंधरा दिवस गाडी गप्प राहील. तेवढ्यात गिऱ्हाईक पाहून देऊन टाकू. आत काय आहे ते घेणाऱ्याला कुठे दिसणार आहे?"

शिक्षक म्हणाले, "अरे, घेणाऱ्याला दिसणार नाही हे खरे. पण घाटाच्या वळणावर मध्यरात्री ती बंद पडेल, तेव्हा तिच्या मागच्या बाकावर कोण निजलेले असेल, हे तुला-मला तरी कुठे दिसते आहे?"

पुतण्या दुष्ट नव्हता. जगात सर्रास चालते तेच त्याने सांगितले होते. परंतु अठराव्या अध्यायाच्या २५व्या श्लोकात तामस कर्माचे लक्षण सांगताना भगवंतांनी चार गोष्टींच्या विस्मरणाकडे बोट दाखविले आहे: कर्माचा पुढील परिणाम, होणारी हानी, दुसऱ्यास पोहोचणारी पीडा आणि करणाऱ्याचे स्वतःचे सामर्थ्य. ठोके दाबून गाडी विकणे यात पहिल्या तिन्हींचे विस्मरण आहे. चौथे विस्मरण मात्र प्रामाणिक मनुष्याकडूनही घडते. सद्धेतूच्या भरात तो आपल्या शक्तीबाहेरचे काम अंगावर घेतो आणि चांगली वस्तूही बिघडवून ठेवतो.

शिक्षकांनी हे ओळखले होते. त्यांनी सोप्यातल्या तुळईला साखळीची कप्पी बांधून इंजिन बाहेर काढले, प्रत्येक भाग सोडवून त्याच्या जागेची खूण केली. कनेक्टिंग रॉडचे खालचे अर्धे टोपण ज्याचे त्यालाच व ज्या बाजूने होते त्याच बाजूने बसावे लागते. चारही टोपणे दिसावयास सारखी, परंतु एकाचे दुसऱ्यास चालत नाही. एवढे हातून होण्यासारखे होते. क्रँकवर पडलेले ओरखडे घासून ती इंचाच्या हजारांशांच्या मापात पुन्हा गोल करणे आणि तापाने वाकलेले हेड सपाट करणे, ही कामे मात्र यंत्रावरच होतात. ती त्यांनी शहरातील कुशल कारागिराकडे निःसंकोच सोपविली. घरी दुरुस्ती करणे म्हणजे सर्व काही स्वतःच करण्याचा हट्ट धरणे नव्हे. आपल्या हाताची मर्यादा ओळखणे हाही कौशल्याचाच भाग आहे, आणि अहंकाराला तेवढीच एक गोष्ट फार जड जाते.

भाग परत आले आणि खरी कसोटी सुरू झाली. क्रँक आणि तिचे बेअरिंग यांमध्ये तेलासाठी जी फट ठेवतात, ती माणसाच्या केसाच्या जाडीहूनही बहुधा कमी असते. वाळूचा एक कण तेथे राहिला तर सारी मेहनत व्यर्थ जाते. म्हणून तेलाच्या वाटा तारेने व वाऱ्याने पुनःपुन्हा स्वच्छ कराव्या लागतात. जुन्या गॅस्केटचा चिकटलेला अंश खरवडावा लागतो. काम थांबले की उघडा भाग धुतलेल्या कापडाने झाकावा लागतो. सोळाव्या अध्यायातील दैवी संपत्तीत शौच आणि आर्जव हे दोन्ही गुण मोजलेले आहेत. येथे त्या दोहोंची एकाच ठिकाणी गाठ पडते. वस्तू स्वच्छ करणारा मनुष्य 'झाली असेल' असे म्हणून पुढे गेला, तर वस्तूत कण राहतो आणि मनात असत्य राहते.

या इंजिनाच्या रचनेत एक विशेष आहे. हेड आवळणाऱ्या बोल्टांपैकी बाकीचे बाहेरून दिसतात. एक मात्र कार्बोरेटरच्या खाली, हवेच्या वाटेच्या आत दडलेला असतो. कार्बोरेटर उतरविल्याखेरीज त्याला पाना लागत नाही. अननुभवी मनुष्य त्याला विसरतो. अनुभवी मनुष्य विसरत नाही, परंतु कधी कधी त्याला कंटाळतो. आणि दोहोंचा परिणाम एकच होतो.

शिक्षकांनी मध्यापासून कडेकडे, टप्प्याटप्प्याने, मापाच्या पान्याने सर्व बोल्ट आवळले, दडलेलाही आवळला. संध्याकाळी इंजिन सुरू झाले. ठोका नाही, पांढरा धूर नाही. शेजारीपाजारी जमले, मुलांनी टाळ्या वाजविल्या, पुतण्यानेही मनापासून कौतुक केले. परंतु जुन्या पद्धतीचे गॅस्केट उष्णतेने किंचित दबते. म्हणून इंजिन एकदा तापून पूर्ण निवाल्यावर बोल्ट पुन्हा तपासावे लागतात. दुसऱ्या दिवशी सकाळी शिक्षक कार्बोरेटर उतरवू लागले, तेव्हा पुतण्या म्हणाला, "काका, आता गाडी चालते आहे ना? बाहेरचे बोल्ट पाहिलेत, तेवढे पुरे."

काकांनी कार्बोरेटर उतरविला. आतला बोल्ट पान्याने तपासला. तो जागचा हललाही नाही. त्यांनी सर्व पुन्हा जोडून टाकले.

मग ती सकाळ फुकट गेली काय? फळाच्या हिशेबाने पाहणारा 'होय' म्हणेल. परंतु थोडे खोल जाऊन पाहावे. तपासण्यापूर्वी बोल्ट घट्ट असल्याची केवळ समजूत होती. तपासल्यावर ज्ञान झाले. शिवाय, काम ज्या दिवशी कौतुकाने वेढले गेले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी, कोणी पाहत नसताना, उरलेला भाग त्याच हाताने पूर्ण झाला. स्तुतीने त्या हाताला उतावीळ केले नाही. हा लाभ यंत्रातील नव्हे, मनुष्यातील आहे.

येथे एक शंका येईल. फळाची आसक्ती सोडली तर एवढी काळजी घेण्याचे कारण काय? वस्तुतः उलटेच आहे. जाड तेल घालून गाडी विकण्याची युक्ती कोणाला सुचते? ज्याचे डोळे फळाला चिकटलेले असतात त्याला. चोरवाट शोधतो तोही फळाच्या घाईनेच. दुसऱ्या अध्यायाच्या ४७व्या श्लोकात फळाचा हव्यास सोडण्याबरोबरच कर्म न करण्याची ओढही सोडावयास सांगितले आहे. फळावरून दृष्टी निघाली की ती रिकामी राहत नाही, समोरच्या कर्मावर स्थिर होते. आणि तेव्हाच दडलेला बोल्ट दिसू लागतो.

तरीही इंजिन पुन्हा बिघडणारच नाही असे नाही. अठराव्या अध्यायाच्या १४व्या श्लोकात कर्मसिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधने, निरनिराळ्या चेष्टा आणि पाचवे दैव. हात, अवजारे आणि परिश्रम ही मनुष्याच्या स्वाधीन आहेत. ओतीव लोखंडात डोळ्यांना न दिसणारी एखादी चीर असेल तर ती त्याच्या स्वाधीन नाही. हे पाचवे कारण ओळखणारा यशाने फुगत नाही आणि अपयशाने मोडत नाही. मात्र पहिली चार पूर्ण केल्यावाचून पाचव्याकडे बोट दाखविण्याचा अधिकार कोणालाही नाही. बोल्ट सैल ठेवून दैवाला दोष देणे हा दैवाचाही अपराध आहे.

कोणी म्हणेल, ईश्वर सर्व पाहतो, म्हणून झाकलेले काम नीट करावे. हे खोटे नाही. परंतु ईश्वराला केवळ पहारेकरी मानले तर जुनेच भय नव्या नावाने घरात येते. अठराव्या अध्यायाच्या ४६व्या श्लोकात आपल्या कर्माने परमात्म्याची पूजा करावयास सांगितले आहे. पूजेचे ताट कोणी तपासणार म्हणून घासले जात नाही. ते ज्याला अर्पण करावयाचे त्याच्यासाठी घासले जाते. मध्यरात्री घाट उतरणाऱ्या अनोळखी रुग्णाच्या हृदयातही तोच बसलेला आहे. दडलेल्या बोल्टावरचा पाना त्याच्याच चरणांशी पोहोचतो.

शिक्षकांची जीप विकली गेली नाही. गावाच्या कामी आली. साधकाने आपल्या दिवसाकडे पाहावे. हिशेबाच्या वहीत, शाळेच्या फळ्यामागे, स्वयंपाकघरात, कचेरीच्या कागदांत, प्रत्येकाच्या वाट्याला एक तरी झाकला जाणारा बोल्ट आलेला असतो. झाकण बसविण्यापूर्वी क्षणभर थांबावे, तो पाहावा, नीट आवळावा आणि मग भगवंताचे स्मरण करून झाकण लावावे.