वस्ती कशी आहे?

मुंबईत घर घेण्यापेक्षा लग्न सोपं. तिथे निदान पत्रिका तरी बघता येते. घराच्या बाबतीत जो भेटेल तो ज्योतिषी! मुलुंडची मावशी म्हणाली, "हवा आमच्याकडची." बोरिवलीच्या साडूंनी नॅशनल पार्क पुढे केलं. डोंबिवलीकर मेहुणे म्हणाले, "माणसं बघायची तर डोंबिवलीत." एकूण काय, ज्यानं जिथं कर्ज काढलं तिथंच स्वर्ग! पण शेवटी आवाज खाली आणून सगळे विचारायचे एकच, "वस्ती कशी आहे?"

अखेर कुर्ल्यातली एक जागा खिशाला झेपेलशी वाटली. 'स्टेशनपासून पाच मिनिटं.' आम्हाला अठरा लागली; एजंटची पाच असतील. २०१७ साली महारेरा आल्यापासून नव्या घराचा कार्पेट एरिया तरी नीट कळतो. शेजाऱ्यांच्या मनाचा एरिया मात्र कुठल्याच कागदावर नसतो.

सातव्या मजल्यावरची खिडकी उघडली. खाली पत्र्याची घरं, पलीकडे मिठी नदी. एजंट ओशाळून म्हणाला, "इथे जाड पडदा लावा, साहेब. वस्ती तेवढी चांगली नाही."

मी गप्प झालो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, मिठी रस्त्यावर आली, तेव्हा लोकल बंद पडून मी याच कुर्ल्यात छातीभर पाण्यात उभा होतो. अशाच वस्तीतल्या दोन पोरांनी दोर टाकून मला ओढून घेतलं. एका बाईनं माळ्यावर बसवून चहा दिला, नवऱ्याचा कोरडा शर्ट दिला. तिचं स्वतःचं घर खाली पाण्यात होतं. तिनं माझं आडनावही विचारलं नाही. तो शर्ट परत करायला मी 'येत्या रविवारी' जाणार होतो. असे रविवार वीस वर्षं येताहेत.

चांगली वस्ती म्हणजे आपल्याला त्रास न देणारी, की आपण अडलो तर दार उघडणारी? पहिली एजंट दाखवतो. दुसरी कळायला पूर यावा लागतो.

"माणसं चांगली असतील हो," सौ. म्हणाली, "पण पाणी?"

"सातव्या मजल्यावर नाही येत."

"मग दार आपल्यालाच उघडावं लागेल," ती म्हणाली.

जागा घेतली. पडदा लावला, पण पातळ. खालून कुणी आमच्या इमारतीकडे बघत असलं, की वाटतं, हेही एकमेकांना विचारत असतील, "वस्ती कशी आहे?"