माळ्यावरच्या चार टाइल्स

लादी बसवणं म्हणजे इथंच राहायचं ठरवणं. ट्रंक उचलता येते, देव्हारा उचलता येतो. भिंतीत बसलेला रंग उचलता येत नाही.

*

सिंधमध्ये झिलईच्या रंगीत लादीला काशी म्हणतात. इराणातल्या काशान शहराचं नाव तिच्यात उरलं आहे. ठट्ट्याच्या शाहजहान मशिदीत सतराव्या शतकातली ही निळाई आजही आहे. शाहजादा असताना बापाविरुद्ध बंड करून पळणाऱ्या शाहजहानला ठट्ट्यानं आसरा दिला, त्याची ही उतराई, असं सांगतात. आसऱ्याची आठवण भट्टीत भाजून ठेवली, म्हणून टिकली.

*

कोबाल्टची पूड भट्टीत जाताना काळी असते, बाहेर येते ती निळी होऊन. आगीतून आलेला रंग उन्हाला भीत नाही.

*

फाळणीनंतर त्याच सिंधमधली माणसं कल्याणजवळच्या लष्करी छावणीत, बराकींत उतरली. 8 ऑगस्ट 1949 रोजी त्या छावणीचं उल्हासनगर झालं. बराकीला कुणी नक्षी लावत नाही. तिथं दिवस मोजतात. पुढे बराकींच्या जागी घरं उठली. ओट्यामागे, न्हाणीघरात रंगीत टाइल्स आल्या. ज्या दिवशी पहिली टाइल बसली, त्या दिवशी त्या घरापुरती छावणी उठली.

*

अंबरनाथचं शिवालय 1060 सालचं. त्याची सारी नक्षी दगडातच कोरलेली. देवासाठी बांधणारा हजार वर्षांचा हिशेब धरतो, संसारासाठी बांधणारा वीस वर्षांच्या हप्त्यांचा. कोपरा मोकळा सोडवत नाही, तो दोघांनाही.

*

बदलापुरात आज टॉवर उभे राहताहेत. मोरबीहून येणाऱ्या टाइलवर लाकूड, संगमरवर, वाटेल ते छापता येतं. नक्षी स्वस्त झाली. निवड तेवढीच अवघड राहिली.

*

ओट्यामागची टाइल गवंडी आधी बादलीत बुडवतो आणि बुडबुडे थांबेपर्यंत थांबतो. तहानलेली टाइल सिमेंटमधलं पाणी ओढून घेते आणि पुढे सुटते. बसवल्यावर तो थापीच्या दांड्यानं ठोकून कान देतो; पोकळ वाजली की काढतो. ज्याला धरून ठेवायचं, त्याची तहान आधी भागवावी.

*

काम संपलं की उरलेल्या चार टाइल्स माळ्यावर जातात. पुढच्या खेपेला नेमकी तीच छटा मिळत नाही, हे घरच्या बाईला ठाऊक असतं. कधीतरी एखादी फुटेल, हे तिनं धरलेलं असतं. आणि ती फुटेल तेव्हा आपण इथंच असू, हेही.