पाहणे आणि घेणे

ज्या वस्तूवर आपले प्रेम जडते तिच्यावर आपला काही अधिकार उत्पन्न होतो की काय, हा प्रश्न नीतिशास्त्रातील जुन्या प्रश्नांपैकी एक होय. माणसामाणसांतील प्रेमापुरती त्याची चर्चा पुष्कळ झालेली आहे, आणि प्रेम म्हणजे स्वामित्व नव्हे एवढे तत्त्व सुशिक्षित कुटुंबांतून आता निदान तोंडाने तरी मान्य केले जाते. परंतु ज्याला 'नको' म्हणावयास वाचा नाही अशा मुक्या जीवावर जडलेल्या प्रेमाचे काय? ह्या प्रश्नाची परीक्षा करावयाची तर उदाहरण मोराचे किंवा हरिणाचे घेऊन चालणार नाही. कारण सुंदर प्राण्याच्या बाबतीत आपली बुद्धी आधीच त्याच्या पक्षाला मिळालेली असते. म्हणून आम्ही येथे मुद्दाम असा प्राणी घेतो की, ज्याचे दर्शन होताच घरातील निम्मी मंडळी पाय वर घेतील. तो प्राणी म्हणजे टॅरांटुला ह्या नावाने ओळखला जाणारा मोठा केसाळ कोळी.

हे नाव त्याला वस्तुतः चुकीनेच मिळाले आहे. दक्षिण इटलीतील टारांटो शहराच्या आसपास एक कोळी आढळतो. त्याच्या दंशाने माणूस वेडापिसा होतो आणि बेभान नाचल्यावाचून ते विष उतरत नाही, अशी तेथील लोकांची पूर्वी समजूत होती. पुढे युरोपीय लोक अमेरिकेत गेले, तेव्हा तेथील प्रचंड कोळी पाहून त्यांनी तेच नाव ह्या सर्वस्वी निराळ्या कुळाला देऊन टाकले. अमेरिकेतील ह्या कोळ्यांचा दंश साधारणतः मधमाशीच्या दंशाहून अधिक भयंकर नसतो. तथापि एकदा चिकटलेले नाव आणि त्याबरोबर आलेले भय ही दोन्ही सहजासहजी सुटत नाहीत.

अशा ह्या प्राण्याच्या दर्शनासाठी माणसे हौसेने मेळावे भरवितात. कोलोरॅडो संस्थानाच्या आग्नेय भागात ला हुंटा नावाचे लहानसे गाव आहे. त्याच्या आसमंतात चार लक्ष एकरांहून विस्तीर्ण असे सरकारी गवताळ रान पसरलेले आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास सूर्य मावळतीला लागला म्हणजे वयात आलेले नर आपली बिळे सोडून माद्यांच्या शोधार्थ ह्या रानातून हिंडू लागतात. हा योग साधून गावाने २०२२ साली एक उत्सवच सुरू केला. त्यात व्याख्याने होतात, माणसांच्याच केसाळ पायांची स्पर्धा लागते, आणि सायंकाळी पाहुण्यांना बसगाड्यांतून रानाकडे नेतात. ह्याखेरीज, घरी काचेच्या पेटीत कोळी पाळणाऱ्या हौशी लोकांची लहान लहान मंडळे आपापल्या प्रांतात अशीच जमतात. एकजण पुढाकार घेतो. दिवस ठरतो, जागा ठरते, कोणी कोणाच्या मोटारीत बसावयाचे, विजेऱ्या कोणी आणावयाच्या, शिदोरी कोणाकडे, सर्व काही ठरते. अंधार पडल्यावर जमिनीशी विजेरी धरून, कडेला रेशमी धाग्याचे अस्तर असलेले वाटोळे भोक शोधावयाचे. ते सापडले म्हणजे गवताची एक काडी आत सारून ती हळूहळू हलवावयाची. भक्ष्य आले असे समजून मादी बिळाच्या तोंडाशी येते. येथवर सर्व काही निरुपद्रवी आहे. परंतु मादी प्रकाशात उभी आहे, घरची एक पेटी रिकामी आहे, आणि पिशवीत खुरपे आहे, असा जो पुढचा क्षण येतो त्या क्षणी आमचा प्रश्न उभा राहतो.

हौशी मनुष्याची बाजू आपण प्रथम प्रामाणिकपणे मांडू. तो म्हणेल, 'जग ज्याला चपलेखाली चिरडते त्याला मी पोसतो. रानात ह्याच्या वाट्याला काय आहे? दुष्काळ आहे, मोटारीचे चाक आहे, आणि सर्वांत भयंकर अशी ती गांधीलमाशी आहे. ती ह्याला नांगी मारून लुळा करते, ह्याच्या देहावर अंडे घालते, आणि अंड्यातून निघालेली अळी ह्याला जिवंतपणी खाते. न्यू मेक्सिको संस्थानाने तर १९८९ साली ह्याच माशीला आपला अधिकृत कीटक म्हणून गौरविले! निसर्ग इतका निर्दय असता माझ्या पेटीलाच तेवढा दोष का? शिवाय २०१६ साली तीन अमेरिकन शास्त्रज्ञांनी आपल्या देशातील टॅरांटुलांचे नवे वर्गीकरण केले, २९ जाती ठरविल्या, त्यांत १४ नव्या; आणि त्यासाठी सुमारे तीन हजार नमुने तपासले. त्यांनी घेतले ते ज्ञान आणि मी घेतला तो अपहार, हा न्याय कोणता?'

हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्याजोगा नाही. तथापि त्याचा पहिला भाग टिकत नाही. गांधीलमाशीपुढे दुसरा मार्गच नाही. आणि ज्याच्यापुढे दुसरा मार्ग आहे त्यालाच नीती लागू पडते. निसर्गाच्या क्रौर्याचा दाखला घेऊन माणूस आपले वर्तन समर्थू लागला, तर त्याला कोणतेच कृत्य वर्ज्य उरणार नाही. पेटीतील सुरक्षिततेचे म्हणाल, तर ह्या प्राण्याचा जीवनक्रमच पाहा. नर वयात येण्यास सात ते दहा वर्षे लागतात, आणि मग तो फार दिवस जगत नाही. मादी मात्र वीस-पंचवीस वर्षे जगू शकते आणि त्यातील बहुतेक काळ एकाच बिळात काढते. तेव्हा खुरप्याच्या दोन घावांनी जे उखडले जाते तो एक किडा नव्हे, तर वीस वर्षांचा संसार होय. ती पेटीत आणखी दहा वर्षे जगली तरी त्या माळाच्या दृष्टीने ती त्याच रात्री मेली. तिच्या शोधार्थ येणारा नर रिकाम्या खड्ड्याशी येऊन परत जाणार.

शास्त्रज्ञाविषयीचा आक्षेप अधिक बिकट आहे. दोघांचेही हात तेच करतात. भेद असलाच तर वस्तू पुढे कोठे जाते ह्यात आहे. शास्त्रज्ञाचा नमुना स्थळकाळाच्या नोंदीसह संग्रहालयात जातो, कोणाही जिज्ञासूस तो पुन्हा तपासता येतो, आणि प्रश्न सुटला म्हणजे ती गरजही संपते. संग्राहकाची गरज मात्र प्राप्तीने वाढते. पाच जाती घरात आल्या की उरलेल्या चोवीस त्याला झोप येऊ देत नाहीत. अर्थात प्रश्नाला लागतात त्याहून एकही नमुना अधिक घेणारा शास्त्रज्ञ हौशी मनुष्याच्याच पंगतीला बसतो, हेही आम्ही तितक्याच स्पष्टपणे म्हणू.

ह्या वासनेचा परिणाम कोठवर पोचतो हे पाहण्यास अमेरिकेस जावयास नको. मुरारराव घोरपड्यांमुळे मराठी वाचकाच्या परिचयाचे असलेले गुत्ती गाव घ्या. तेथील रेल्वेच्या लाकूडवखारीत एक झळझळीत निळा कोळी सापडला, आणि १८९९ साली पोकॉक ह्या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. तो लाकडाबरोबर आगगाडीने तेथे आला असावा. त्यानंतर सुमारे शंभर वर्षे शास्त्रज्ञांना त्याचा पत्ता नव्हता. २००१ साली तो एका अरण्यात पुन्हा आढळला. २००८ साली त्याची गणना अतिसंकटग्रस्त जातींत झाली, कारण त्याचे सारे वसतिस्थान शंभर चौरस किलोमीटरांहूनही कमी होते. जुन्या झाडांच्या ढोलीत राहणारा हा प्राणी; झाडे तुटत गेली हे एक कारण, आणि हौसेचा बाजार हे दुसरे. २०१९ साली त्याच्या संपूर्ण प्रजातीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आले. परंतु विचार करण्याजोगी गोष्ट ही की, युरोप-अमेरिकेतील पेट्यांतून ह्या निळ्या कोळ्याची वीण बिनघोर चालू असते. म्हणजे एखादा जीव दिवाणखान्यांतून विपुल आणि स्वतःच्या अरण्यात दुर्मिळ असू शकतो. आणि त्याच्यावर प्रेम करणाऱ्याला ह्यात काही उणे वाटत नसेल, तर त्याचे प्रेम कोळ्यावर आहे की निळ्या रंगावर, अशी शंका घेण्यास जागा आहे.

येथे महाभारतातील मांडव्य ऋषीची कथा आठवते. निरपराध असूनही सुळावर चढविला गेलेला हा ऋषी धर्माला त्याचे कारण विचारतो, तेव्हा बालपणी त्याने कीटकांना गवताची काडी टोचली होती त्याचे हे फळ, असे उत्तर मिळते. अजाण वयातील कृत्याला एवढी शिक्षा देणाऱ्या धर्मालाच मांडव्य शाप देतो, आणि चौदाव्या वर्षापर्यंतच्या कृत्याला पाप लागू नये अशी मर्यादा घालतो. अज्ञान ही सबब आहे, परंतु तिलाही मुदत आहे, हा ह्या कथेचा भावार्थ आम्ही घेतो. काडी हाती धरलेला आमचा हौशी मनुष्य अजाण नाही. बिळाचे वय, मादीचे आयुष्य, नराची वणवण हे सर्व त्याला इतरांहून अधिक माहीत आहे. भीतीने कोळी चिरडणाऱ्या गृहिणीला जी क्षमा आहे ती त्याला नाही. त्याच्या ज्ञानानेच ती काढून घेतली आहे.

आता मेळावा भरविणाऱ्याचा धर्म कोणता? त्याच्यापुढे पहिला पेच सत्याचा येतो. कोळी कोठे आहेत असे कोणी विचारले तर त्याने सांगावे काय? जर्मन तत्त्ववेत्ता कांट ह्याने १७९७ सालच्या एका निबंधात असे प्रतिपादिले की, खुनी माणूस दाराशी येऊन आपला मित्र कोठे आहे असे विचारू लागला तरी खोटे बोलण्याचा अधिकार आपल्याला नाही. आमच्या कर्णपर्वात ह्याच्या नेमकी उलट बाजू आहे. लुटारूंच्या भीतीने रानात लपलेल्या लोकांची वाट सत्यवादी कौशिकाने विचारताच सांगून टाकली, आणि त्या सत्याने तो नरकात गेला. ह्या बाबतीत आमचे मत व्यासांकडे झुकते. २०१७ साली दोन ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनीही असाच इशारा दिला की, दुर्मिळ जातींची नेमकी ठिकाणे छापून आपण चोरांना वाटाड्या पुरवीत आहोत. तथापि केवळ मौनाने भागत नाही. ज्ञान चारचौघांच्या मुठीत राहिले तर त्याची मिरास बनते, आणि ज्या रानाची ओळख कोणालाच नाही त्याची बाजू घेण्यासही कोणी उरत नाही. ह्यातून मार्ग एकच दिसतो, तो हा की पत्ता न देता दृष्टी द्यावी. बीळ कसे ओळखावे, पाऊल कोठे टाकू नये, काडी केव्हा बाहेर काढावी हे शिकवावे, आणि लोकांना आपल्याबरोबर न्यावे. एकट्या माणसाचा हात काळोखात खुरप्याकडे सहज जातो. वीस माणसांच्या देखत तोच हात संकोचतो. मात्र म्होरक्याने पहिले बीळ खणले तर उरलेले वीस जणही खणू लागतील, कारण समुदाय जसा लाजवितो तसा धीटही करतो.

न घेता पाहण्याने हाती काय लागते, असे कोणी विचारील. पश्चिम ऑस्ट्रेलियात टॅरांटुलाच्याच दूरच्या नात्यातील, बिळाला झाकण करून राहणारा एक कोळी आहे. बार्बरा यॉर्क मेन ह्या विदुषीने १९७४ साली अशा बिळांवर क्रमांक घालून नोंदी ठेवण्यास आरंभ केला. त्यातील सोळाव्या क्रमांकाच्या बिळाशी त्या आणि पुढे त्यांचे सहकारी वर्षानुवर्षे जात राहिले. २०१६ साली बिळाचे झाकण गांधीलमाशीने भेदलेले आढळले. आतली मादी तेव्हा ४३ वर्षांची होती. इतके दीर्घ आयुष्य कोळ्याच्या बाबतीत पूर्वी कधी नोंदले गेले नव्हते. ते बीळ पहिल्याच दिवशी खणले असते तर बाटलीत एक कोळी मिळाला असता, आणि ही गोष्ट कोणालाही कधीच कळली नसती. पाहणे हे घेण्याहून केवळ सौम्य आहे असे नव्हे. काही सत्ये अशी आहेत की ती पाहणाऱ्यालाच मिळतात, घेणाऱ्याला मिळतच नाहीत.

आमच्या सह्याद्रीतही ह्या कुळातील कोळी आहेत, काही झाडांच्या ढोलीत तर काही जमिनीतील बिळांत. पावसाळ्यात आंबोलीसारख्या ठिकाणी विजेऱ्या घेऊन रात्रीचे जीव पाहावयास तरुण मंडळी हल्ली जाऊ लागली आहेत, ही आनंदाची गोष्ट होय. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताने जे चोवीस गुरू सांगितले त्यांत कोळी आहे, आणि नाथांच्या टीकेमुळे तो मराठी घराघरांत पोचलेला आहे; परंतु गुरूला पेटीत घालून घरी आणावे असे अवधूताने कोठेही म्हटलेले नाही. तेव्हा अशा सहली काढणाऱ्यांना आमची एवढीच सूचना आहे की, आदल्या दिवशी बिळे मोजावीत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजावीत. किती लोक आले, किती छायाचित्रे निघाली, हा हिशेब मागाहून करता येईल. दोन्ही दिवसांचे आकडे जुळले तर मेळावा चांगला झाला असे खुशाल म्हणावे.