आईने विचारायचं कुणाला?

घरापासून लांब नोकरी करणाऱ्या आपल्या पिढीला एक ठरावीक फोन येत असतो. ‘अरे, बँकेचा मेसेज आलाय, काय म्हणतायत बघ ना.’ ‘गॅसचं बुकिंग होत नाहीये.’ ‘रिपोर्टमध्ये हे काय लिहिलंय?’ मीटिंग चालू असते, आपण ‘संध्याकाळी बघतो’ म्हणतो. आता यावर एक सोयीचं उत्तर हाताशी आलंय: एआयला विचार. चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२मध्ये आलं. जून २०२४मध्ये गूगलने जेमिनीचं अ‍ॅप भारतात नऊ भारतीय भाषांसह आणलं, त्यांत मराठीही होती. टाईप करायला नको, बोललं की पुरतं. कागदाचा फोटो काढून ‘यात काय लिहिलंय’ असंही विचारता येतं. तांत्रिक अडसर बराचसा गेला. उरलेला प्रश्न नैतिक आहे: हे आईवडिलांच्या हातात देताना आपण त्यांना काय देतो, आणि स्वतःची कशातून सुटका करून घेतो?

आधी या सोयीची बाजू नीट मांडतो, कारण ती हलकी नाही. दुसऱ्यावर अवलंबून असण्यात गैरसोय असतेच, शिवाय उघडं पडणंही असतं. बँकेचं पत्र पुतण्याकडून वाचून घेतलं की शिल्लक किती ते पुतण्याला कळतं. बाईला स्वतःच्या तपासणीचा रिपोर्ट मुलाला दाखवायचा संकोच वाटतो. आणि तोच प्रश्न चौथ्यांदा विचारल्यावर समोरून येणारा सुस्कारा म्हाताऱ्या माणसाला बरोबर ऐकू येतो. पाचव्यांदा ते विचारतच नाहीत. यंत्र सुस्कारा टाकत नाही. सत्तरीतल्या माणसाला कुणाचं मिंधं न होता विचारता येणं, हे स्वातंत्र्यच आहे.

अडचण विश्वासाची आहे. न्यायदर्शनाने ज्ञानाची चार प्रमाणं मानली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे दुसऱ्याचं सांगणं, पण वाटेल त्याचं नाही, आप्ताचं. ज्याला ती गोष्ट खरंच माहीत आहे आणि जो ती आहे तशी सांगू इच्छितो, तो आप्त.

भाषेचं मॉडेल या व्याख्येत बसत नाही. पुढे कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त, हे काढत काढत ते वाक्य रचतं. प्रचंड मजकुरावर शिकलेलं असल्यामुळे पुष्कळदा बरोबर सांगतं. पण बरोबर सांगताना आणि चुकताना त्याचा सूर एकच असतो. माणसाचं तसं नसतं. दुकानदार अडखळला, एजंटाने नजर चुकवली की आई ओळखते. तिची आयुष्यभराची पारख अशा खुणांवर चालते, आणि इथे त्या खुणाच नाहीत. उलट शुद्ध, अदबशीर भाषा आहे. तिच्या पिढीतल्या अनेकांना असं बोलणारा माणूस शिकलेला, म्हणून भरवशाचा वाटतो.

म्हणून अ‍ॅप टाकून देणं वेगळं आणि शिकवणं वेगळं. माझ्या मते पहिल्या धड्यात तिला यंत्रापेक्षा जास्त ठाऊक आहे तेच तिने विचारावं. गावच्या जत्रेतले मानकरी कोण, आपल्याकडे कटाची आमटी कशी करतात, ती नोकरीला होती त्या शाळेची माहिती. कुठेतरी ते ठामपणे चुकेल. ती चूक तिने स्वतः पकडली, तर आपल्या दहा सूचनांपेक्षा जास्त लक्षात राहील.

मग प्रश्नांची वाटणी. पत्र वाचून दाखव, अर्ज लिहून दे, हिंदीतला मजकूर मराठीत सांग: अशा कामांत मूळ कागद समोर असतो, ताडून बघता येतं. गोळी बंद करू का, ठेव मोडू का, इथे सही करू का: इथे ऐकून घ्यावं, पण निर्णय डॉक्टरांना, जाणकार माणसाला विचारूनच. ओटीपी कुणालाच सांगायचा नाही. फोटो काढताना खातेक्रमांक आणि आधार क्रमांक झाकायचा, कारण पुतण्यापासून लपवलेली शिल्लक आता कंपनीच्या सर्व्हरवर जाते. सायबर फसवणुकीसाठीचा १९३० हा हेल्पलाईन क्रमांक भिंतीवर लिहून ठेवायचा.

इथे कुणी म्हणेल, ही लहान मुलांसारखी वागणूक झाली. ज्यांनी आपल्याला वाढवलं त्यांना आपण काय शिकवणार? आक्षेप रास्त आहे, पण त्याचा रोख वेगळीकडे हवा. यंत्र कसं चालतं हे सांगणं म्हणजे मोठेपणा गाजवणं नव्हे; ते न सांगता फोन हातात देणं हीच फसवणूक. खरा मोठेपणा गाजवला जातो तो नंतर: त्यांची चॅट गुपचूप वाचणं, ‘तुम्हाला नाही कळायचं’ म्हणून फोन काढून घेणं. सगळं समजल्यावर बाबांना ते नकोच असेल, तर तोही त्यांचा निर्णय. बँकेच्या काउंटरवर रांगेत उभं राहून माणसाशी बोलायची त्यांची इच्छा मागासलेली नाही.

राहिली आपली सुटका. ‘गॅसचं बुकिंग होत नाहीये’ या फोनच्या शेवटी ‘जेवलास का?’ असतं. कधीकधी फोन त्याच्यासाठीच असतो आणि गॅस हे निमित्त. निमित्तं यंत्राने घेतली, तर तिचे फोन कमी होतील आणि आपल्याला ते कळणारही नाही. आप्त या शब्दाचा मराठीत दुसरा अर्थ नातलग. माहिती सांगणारा आप्त होणं आपल्याला नेहमी जमणार नाही; दुसऱ्या अर्थाने आपण आहोतच. तिला एआय शिकवल्यावर तिच्या प्रश्नांतून वाचलेला वेळ मोजून बघावा, आणि त्यातला थोडा तरी, काही काम नसताना, तिलाच फोन करायला वापरावा.