दोष कोणाच्या माथी?

कीर्तनाहून परतताना यजमानांची मोटार चढाखाली थांबली, ती थांबलीच. इंजिन चालू, पण गिअर पडेना. रिव्हर्स टाकू जावे तर खर्रर आवाज. आम्ही लगेच निकाल दिला, "पोरा, धसमुसळेपणाने गिअरबॉक्स मोडलास!" पोरगा मान खाली घालून उभा.

मिस्त्री आला. त्याने इंजिन बंद करून गिअर टाकून पाहिले. सगळे अलगद पडले. पुन्हा सुरू केले, एकही पडेना. म्हणाला, "महाराज, पेटी ठीक दिसते. क्लच सुटत नाही." पॅडल दाबूनही क्लचप्लेट फ्लायव्हीलपासून सुटत नव्हती, म्हणून पेटीतले फिरणे थांबत नव्हते. क्लचच्या तेलाचे भांडे कोरडे. खालच्या सिलिंडरातून तेल झिरपून गेलेले. इंजिन बंद असताही गिअर पडला नसता, तर मग दांडा, केबल किंवा पेटी तपासायची.

वाचकहो, हाच अन्वय-व्यतिरेक! आम्ही तो पाठशाळेत घोकला, पुढे शिकवलाही. वेळेला वापरला मिस्त्रीने. आवाज पेटीतून आला म्हणून दोष पेटीचा, आणि शेवटचा हात पोराचा म्हणून पाप पोराचे, एवढाच आमचा पुरावा. अज्ञानाला क्षमा असेल. पण आम्हाला साधन ठाऊक होते, पाहण्याचा कंटाळा होता. पेटी उगाच उघडली असती तर पैशाने भागले असते. माणसावर ठेवलेला ठपका कशाने भागवावा?

तेल भरून, हवा काढून मिस्त्रीने गाडी घरापुरती चालती केली. आम्ही पोराला म्हटले, "बाळ, चूक आमची." तो "असू द्या महाराज" म्हणाला. वाटेत मात्र एक शब्द बोलला नाही.