विहिरीवरचं सर्वनाम

योहानाच्या शुभवर्तमानात, 4थ्या अध्यायात, दमलेला येशू याकोबाच्या विहिरीपाशी बसतो आणि पाणी भरायला आलेल्या शोमरोनी बाईकडे पाणी मागतो. ती विचारते, यहूदी असून माझ्याकडं कसं मागतोस? की मागता? हे मराठीत कसं आणायचं यावर बोलणारे इथले काका-पुतणी कल्पित आहेत. काका निवृत्त पाळक, पुतणी ग्रीक शिकलेली.

पुतणी : ग्रीकमध्ये एकाच माणसाशी बोलताना एकच ‘स्यू’, मग तो सम्राट असो की भिकारी. मराठीत तोंड उघडलं की नातं ठरतं.

काका : ‘तू’ लिही. देवाला कोण अहो-जाहो करतं? आपल्या प्रार्थनेत तू, वारकऱ्यांचा विठ्ठलही तूच.

पुतणी : पण समोर कोण बसलंय हे तिला कुठं ठाऊक? तिच्या लेखी तो परका पुरुष, त्यातून यहूदी. तिचा ‘तू’ फटकारणारा. वाचणाऱ्याला तो भक्तीचा वाटेल.

काका : मग ‘तुम्ही’ घाल.

पुतणी : 9व्या वचनात ती त्याला कसलंच संबोधन लावत नाही. 11व्यात ‘कूरिए’ म्हणते. त्यात महाराजही आला, प्रभूही. 19व्यात तर संदेष्टाच. पहिल्यापासून ‘तुम्ही’ घातलं तर ही चढण सपाट होते.

काका : म्हणजे आधी तू, 11व्यापासून तुम्ही. मिटलं.

पुतणी : मिटलं कसं? तिचं मन नेमकं कुठं वळलं हे योहान सांगत नाही. ते मी सांगून मोकळी होणार!

काका : अगं, पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून सोपं मराठी बायबल केलं. जड शब्द टाळता येतो. पण सर्वनामाचं तसं नाही, ते गाळलंस तरी क्रियापद चहाडी करतंच.

पुतणी : आणि 20वं वचन? तिथं ग्रीकमध्ये अनेकवचन आहे. ‘तुम्ही म्हणता, यरुशलेमेत भजावं’, म्हणजे सगळे यहूदी. आदराचं ‘तुम्ही’ आधीच चालू असेल, तर ती एकट्या येशूलाच म्हणतेय असं वाटेल.

काका : ‘तुम्ही यहूदी’ लिही.

पुतणी : मुळात त्या जागी ‘यहूदी’ शब्द नाही.

काका : अर्थ तर आहे ना?

मला विचाराल तर मी 11व्या वचनापासून आदरार्थी घेईन, 20व्यात ‘यहूदी’ उसना आणीन आणि खाली तळटीप देईन. काकांचा त्यावरचा आक्षेप मात्र मला खोडता आलेला नाही : उपासनेत वचन मोठ्यानं वाचतात, तळटीप कोणी वाचत नाही.