बाहेरचे खाणे महागले, पण कोणाला?



आज सामान्य काळातील अठरावा रविवार. आजचे पहिले वाचन आणि शुभवर्तमान, दोन्ही खाण्यापिण्याविषयी आहेत. यशया संदेष्टा बाजारातल्या फेरीवाल्यासारखी आरोळी देतो आणि ज्यांच्या गाठीला दमडी नाही त्यांनाच गिऱ्हाईक म्हणून बोलावतो. पाठोपाठ तो पैसेवाल्यांना एक अडचणीचा प्रश्न विचारतो. घाम गाळून मिळवलेली कमाई तुम्ही नेमकी कशावर उधळता, आणि त्याने तुमचे पोट तरी भरते का?

मत्तयलिखित शुभवर्तमानात संध्याकाळ झाली आहे. जागा ओसाड, समोर पाच हजार पुरुष, शिवाय बायकामुले. शिष्य प्रभू येशूला व्यवहाराचा सल्ला देतात की आता या लोकांना निरोप द्यावा, म्हणजे ते गावात जाऊन आपापले खाणे विकत घेतील. आजच्या बोलीत सांगायचे तर शिष्यांचे म्हणणे होते, ‘ज्याने त्याने बाहेर खाऊन घ्यावे.’ हाच प्रसंग योहान सांगतो तेव्हा फिलिप्प चटकन हिशेब करतो. दोनशे दिनारांच्या भाकरी आणल्या तरी प्रत्येकाच्या वाट्याला घासभरही यायचा नाही! एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे दोनशे दिवसांची कमाई एका संध्याकाळच्या जेवणात जाणार, तीही अपुरी. फिलिप्पाला अल्पविश्वासी म्हणून हसण्याची प्रवचनकारांना सवय आहे. आम्हाला तो आपल्यातलाच वाटतो. मेनूकार्ड हातात आले की पदार्थाआधी उजवीकडचा आकडा वाचणारा.

हा आकडा अलीकडे सर्वांनाच बोचतो आहे. रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात कान दिला तर कळते. ‘चौघांचे बिल दीड हजार झाले, आणि मुले घरी येऊन परत भूक लागली म्हणतात!’ वीस-पंचवीस वर्षांपूर्वी आपल्याकडे हॉटेलात जाणे म्हणजे दहावीचा निकाल, नाहीतर मुंबईहून पाहुणे आलेले. एरवी वाडीतून भाजी घेऊन पहाटेची गाडी पकडणारा शेतकरीसुद्धा तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी फडक्यात बांधून नेत असे. आता बाहेरचे खाणे ही सणाची गोष्ट राहिली नाही. केंद्र सरकारच्या २०२२-२३ च्या घरगुती खर्चाच्या पाहणीनुसार शहरी कुटुंबाच्या एकूण खर्चातील दहा टक्क्यांहून अधिक वाटा पेये, फराळ आणि तयार पदार्थांवर जातो. दुधापेक्षाही जास्त. खेड्यांतही हा वाटा साडेनऊ टक्क्यांच्या वर आहे.

किंमत वाढली की आपण गाडीवाल्याला दोष देऊन मोकळे होतो. ते अन्यायाचे आहे. साध्या वडापावाचेच पाहू. १९६६ साली दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी तो प्रथम विकला, असे सांगतात. एका हातात धरून धावती गाडी पकडता यावी असे हे गिरणी कामगाराचे जेवण. त्यात बटाटा, बेसन, तेल, पाव, गॅस आणि एका माणसाची मेहनत, एवढेच असते. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि तिकडचे सूर्यफूल तेल अडकले. एप्रिलअखेर इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात तीन आठवड्यांहून अधिक काळ बंद ठेवली. काळ्या समुद्रावरचे युद्ध असे आपल्या स्टेशनबाहेरच्या कढईत येऊन उतरले. त्याच मे महिन्यात १९ किलोचा व्यापारी सिलिंडर दिल्लीत २,३५५ रुपयांवर गेला. या सिलिंडरचा भाव महिन्याच्या पहिल्या तारखेला वर-खाली होतो. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने खाद्यतेलावरचे आयात शुल्क वाढवले, ते सोयाबीन पिकवणाऱ्या शेतकऱ्याला भाव मिळावा म्हणून, आणि मे २०२५ मध्ये कच्च्या तेलावर पुन्हा कमी केले. (वडा स्वस्त हवा आणि शेतकऱ्याला भावही चांगला हवा, अशा दोन्ही मागण्या आपण एकाच दमात करतो, हे शेतीवाडी असलेल्या आपल्या धर्मग्रामाने तरी ध्यानात ठेवावे.) पावाचे म्हणाल तर जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या मुंबईतील भट्ट्या स्वच्छ इंधनावर नेण्यास सांगितले. हवेसाठी ते योग्यच, पण नवी भट्टी फुकट मिळत नाही. टोमॅटोने तर २०२३ च्या पावसाळ्यात मोठमोठ्यांना जेरीस आणले. उत्तर आणि पूर्व भारतातील मॅकडोनाल्डच्या बहुतेक दुकानांत बर्गरमधून टोमॅटोच काही काळ गायब झाला होता.

मोठ्या हॉटेलचे बिल मात्र नीट वाचायला शिकले पाहिजे. साध्या रेस्टॉरंटच्या बिलावर ५ टक्के जीएसटी लागतो, पण मालकाने भाडे किंवा सामानावर भरलेल्या कराची वजावट त्याला नोव्हेंबर २०१७ पासून मिळत नाही. तो कर पदार्थाच्या किमतीत मुरलेला असतो. ‘सर्व्हिस चार्ज’ ही वेगळी गोष्ट. तो सरकारी कर नव्हे. तो बिलात आपोआप लावू नये, असा नियम ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये केला आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये तो उचलून धरला. नको असेल तर तो काढायला सांगावा, त्यात लाजण्यासारखे काही नाही. वाढणाऱ्या मुलाच्या हातात खुशीने काही ठेवावे, ते अधिक बरे. घरबसल्या मागवायचे तर खर्चाचे थर आणखी चढतात. झोमॅटोने २०२३ साली प्रत्येक मागणीवर २ रुपयांचे शुल्क सुरू केले, ते सप्टेंबर २०२५ मध्ये १२ रुपयांवर पोहोचले. पोहोचवण्याचे पैसे वेगळेच.

हा झाला हिशेब. पण ही महागाई सर्वांना सारखी लागत नाही. पिझ्झा महागला तर आपण डोसा खातो, डोसा महागला तर महिन्यातून चारदा ऐवजी दोनदा जातो. आपली थोडी मौज कमी होते, इतकेच. मात्र आपल्याच रस्त्याच्या कडेला, इमारतींच्या कामावर, एका खोलीत आठ-आठ जण राहणारे मजूर आहेत. त्यांच्या खोलीत चूल नाही. रात्रपाळी करून येणारी परिचारिका आहे, दिवसभर दुचाकीवर इतरांचे जेवण वाहणारा मुलगा आहे. त्यांच्यासाठी बाहेरचे खाणे हेच जेवण. वडापाव तीन रुपयांनी वाढला की तो मजूर दोनाऐवजी एक खातो आणि वर पाणी पितो. आपण ज्याला फास्ट फूड म्हणतो ते त्याच्या घरचे अन्न आहे, फक्त त्याला घर नाही.

ही दरी चर्चच्या फाटकाबाहेरच थांबते असेही नाही. करिंथच्या ख्रिस्तसभेत हेच घडत होते. प्रभुभोजनासाठी जमलेले सुखवस्तू लोक आपापले खाणे आधीच उरकून घेत. कामावरून उशिरा सुटणाऱ्या कष्टकऱ्यांच्या वाट्याला बहुधा रिकामी भांडी येत. संत पौल त्यांना खरमरीत लिहितो. त्याचा राग जेवणावर नाही. ज्यांच्याकडे काही नाही त्यांना तुम्ही खाली मान घालायला लावता, यावर त्याचा राग आहे.

आपल्याकडे पाहू या. गायनवृंदाचा सराव संपला की मुले-मुली बाहेर खायला जातात, कॉन्ट्री काढतात. पूर्वी माणशी तीस-चाळीस रुपयांत भागायचे, आता दोनशे पुरत नाहीत. मग एखादा मुलगा ‘आज अभ्यास आहे’ म्हणून सरावानंतर लगेच निघतो. पुढे तो सरावालाच येईनासा होतो. त्याचा आवाज बरा होता, असे आपण वर्षभराने म्हणतो. कोणी त्याला वाईट वागवलेले नसते. फक्त बिलाचे भाग समान पडलेले असतात आणि घरची मिळकत समान नसते.

मुलांच्या प्रथम कम्युनियनचेही तेच. हॉल, केटरर, प्लेटचा दर. शेजाऱ्याने अडीचशे पाने वाढली म्हणून आपणही वाढायची, आणि नंतर पतपेढीचे हप्ते भरत बसायचे. ज्या दिवशी लेकरू प्रभूच्या मेजावर पहिल्यांदा बसते, त्या दिवशी आईबापांच्या डोक्यात केटररची उरलेली रक्कम फिरत असावी, यात काहीतरी फार चुकते आहे. ज्या घरांना हे झेपत नाही ती घरे त्या दिवशी दार लावून घेतात. यशयाच्या आरोळीची नेमकी उलट बाजू ही.

मग उपाय काय? ‘बाहेरचे बंद, घरी शिजवा’ हा उपदेश वेदीवरून करायला फार सोपा आहे. तो करणाऱ्या आम्हा धर्मगुरूंच्या निवासात बहुतेक ठिकाणी स्वयंपाकी असतो. पहाटे साडेपाचला उठून डबे भरणारी, गर्दीच्या गाडीत उभ्याने मुंबई गाठणारी आणि रात्री आठला घरात पाऊल ठेवणारी बाई रविवारी ‘आज बाहेरच जाऊ’ म्हणते, तेव्हा ती चैन मागत नसते, विश्रांतीचा वार मागत असते. दहा आज्ञांपैकी एक तिच्या बाजूने आहे! २९ जुलैला आपण संत मार्था, मरिया आणि लाजर यांचा स्मृतिदिन पाळतो. मार्थेची तक्रार स्वयंपाकाविरुद्ध नव्हती. सगळे एकटीवर पडले, ही तिची तक्रार होती. आणि पुनरुत्थित प्रभूने तिबिर्याच्या सरोवराकाठी काय केले ते घरातल्या पुरुषांनी आणि मुलग्यांनी योहानाच्या एकविसाव्या अध्यायात आवर्जून वाचावे. रात्रभर राबून आलेल्या शिष्यांसाठी त्याने स्वतः विस्तव पेटवून मासळी आणि भाकर तयार ठेवली होती. मृत्यूवर जय मिळवलेल्या प्रभूला चुलीपाशी बसण्यात कमीपणा वाटला नाही.

शिवाय बाहेरचे सगळेच अन्न यशया म्हणतो तसे पैसे वाया घालवणारे नसते. गिरणगावात घरोघरी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका होत्या. सावकारांच्या कर्जात त्या पिचत होत्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली त्यांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले, बँकेचे कर्ज मिळवून दिले. त्या बायकांची पोळी-भाजी विकत घेणे म्हणजे दोन घरांच्या चुली पेटत्या ठेवणे होते. आजही आपल्या गावात पोळी-भाजी, इंद्याल, सणाचे पदार्थ करून देणाऱ्या भगिनी आहेत. दमलेल्या रविवारी पैसे द्यायचेच तर त्यांना का देऊ नयेत? भाव करू नये, एवढी विनंती.

प्रभूने शिष्यांचा सल्ला मानला नाही. यांना कुठे जायची गरज नाही, तुम्हीच यांना वाढा, असे त्याने सांगितले. पाच भाकरी आणि दोन मासे. योहान म्हणतो त्या भाकरी जवाच्या होत्या, म्हणजे गरिबाच्या. आणि एका पोराच्या शिदोरीतल्या. घरून डबा आणलेला त्या पाच हजारांत तोच, निदान लेखी नोंद तरी त्याचीच आहे. जेवण झाल्यावर उरलेले तुकडे गोळा करण्यात आले, बारा टोपल्या भरल्या. ज्याला अन्न असे निर्माण करता येते, त्याच्या मेजावर ते टाकून दिले जात नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी ५ जून २०१३ रोजी म्हटले होते की वाया घालवलेले अन्न हे गरिबाच्या ताटातून चोरल्यासारखे आहे. हॉटेलात अर्धी बिर्याणी उरली तर ती बांधून मागा. वेटर काय म्हणेल याची काळजी करू नका, तो स्वतः कदाचित दुपारपासून जेवलेला नसतो.

आपल्या धर्मग्राम परिषदेत या विषयावर बोलणे झाले असून दोन गोष्टी ठरल्या आहेत. येत्या शनिवारपासून गायनवृंद आणि युवक गटाच्या सरावानंतर चर्चच्या सभागृहात सर्वांसाठी चहा आणि पोहे किंवा उपमा असेल. एकेक आठवडा एकेका गावाने वाटून घ्यायचा आहे, आणि करणाऱ्यांत पुरुष हवेतच. दुसरे, पुढील वर्षीच्या प्रथम कम्युनियननंतर सर्व मुलांची व त्यांच्या घरच्यांची न्याहारी चर्चच्या आवारात एकत्र होईल. पाव, अंडी, केळी आणि चहा. त्यापुढे घरी कोणी काय करावे हे ज्याचे त्याने ठरवावे, पण हॉल बुक करण्याआधी एकदा बोलायला या. नावे आज मिस्सानंतर कार्यालयात द्यावीत. मोठी पातेली आपल्याकडे दोनच आहेत, म्हणून ज्यांच्या घरी लग्नकार्याची भांडी आहेत त्यांनी तेही कळवावे.